बँकेतील गाऱ्हाणे कोठे उपजते?



या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला त्या दिवशी आग्रा रोडवर माझे एक जुने व्यापारी स्नेही भेटले. ते म्हणाले, "भाऊ, मिलमधल्या माणसाला गाऱ्हाणे असावे, मार्केटातल्या हमालाला असावे. पंख्याखाली बसून दुसऱ्याच्या नोटा मोजणाऱ्याला गाऱ्हाणे कसले? महिनाअखेर पगार ठरलेला, आणि रांगेत उभे आम्ही!" त्यांचे बोलणे मी हसण्यावारी नेले नाही. येथे बसलेल्या मंडळींपैकी अनेकांच्या मनात हेच असणार, आणि त्यात खोटे असे फारसे नाही. मिलच्या खात्यात कापसाच्या धुळीने छाती भरते तशी बँकेत भरत नाही. तरीही या देशात बँक-नोकरांच्या तक्रारी ऐकण्यासाठी सरकारला एकामागून एक न्यायाधिकरणे नेमावी लागली, सर्वोच्च न्यायालयाला त्यांत वारंवार पडावे लागले आणि एका केंद्रीय मंत्र्याने त्यापायी खुर्ची सोडली. हे का झाले, ते आज सांगावयाचे आहे.

प्रथम बँकेतील संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. लेजरच्या काळात ग्राहकांसाठी दार बंद झाले की आत खरे काम सुरू होई. दिवसभराची व्हाउचरे, रोकडवही, खतावणी यांचा मेळ जमला पाहिजे. एका रुपयाचा फरक आला तरी सारे कारकून तेरजा पुन्हा करीत बसत. आता बेरीज यंत्र करते. तथापि कॅशिअरच्या हातातील रोकड अजूनही यंत्राच्या आकड्याशी जुळावीच लागते, आणि कमी पडली तर ती त्याच्या खिशातून भरून निघते. वर्षानुवर्षे हे काम करणाऱ्या माणसाला एक सवय जडते. प्रत्येक रकमेमागे कागद हवा, प्रत्येक कागदावर सही हवी आणि ती सही ओळखीची हवी. अशा माणसाला त्याच्या स्वतःच्या पगाराचा, बदलीचा किंवा बढतीचा हिशेब मात्र कोणी दाखवीत नाही, तेव्हा त्याच्या मनात जे उपजते त्याला आपण गाऱ्हाणे म्हणतो. पगार कमी असणे हे त्याचे एक कारण आहे खरे. पण माझ्या अनुभवात झाकलेली वही हे त्याहून मोठे कारण आहे.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा महागाईने पांढरपेशाचे कंबरडे मोडले होते. बँकांची भरभराट झालेली होती, आणि ती कारकुनाला ठाऊक होती, कारण ठेवींचे आकडे त्याच्याच हाताने लिहिले जात. १९४६ च्या २० एप्रिलला कलकत्त्यास अखिल भारतीय बँक कर्मचारी संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला मुंबईत बँकचालकांची इंडियन बँक्स असोसिएशन निघाली. दोन्ही बाजूंची मंडळे एकाच वर्षाची लेकरे आहेत, ही गोष्ट मला नेहमी मौजेची वाटते. त्याच वर्षी ऑगस्टात इंपीरियल बँकेच्या नोकरांनी दीर्घ संप केला.

पुढे प्रांतोप्रांती लवाद बसले. मुंबई इलाख्यातील बँकांसाठी न्यायमूर्ती दिवेटिया यांचा निवाडा झाला, संयुक्त प्रांतात निराळा झाला, आणि काही प्रांतांत काहीच झाले नाही. खानदेशच्या माणसाला याचा अर्थ चटकन कळेल. रावेर मुंबई इलाख्यात आणि बऱ्हाणपूर मध्य प्रांतात. मधे थोडीशी वाट आणि केळीचे मळे. पण एकाच बँकेच्या दोन शाखा या दोन ठिकाणी असल्या तर त्यांना दोन प्रांतांचे दोन कायदे. हा गोंधळ वाढल्यावर १९४९ साली केंद्र सरकारने एकाहून अधिक प्रांतांत पसरलेल्या बँकांचे तंटे आपल्या हाती घेतले आणि १३ जून रोजी न्यायमूर्ती के. सी. सेन यांच्या अध्यक्षतेखाली तीन सदस्यांचे न्यायाधिकरण नेमले.

सेन निवाडा १९५० च्या ऑगस्टात प्रसिद्ध झाला. देशातील सर्व मोठ्या बँकांना लागू होणारी पहिलीच वेतनश्रेणी कारकुनाच्या आणि शिपायाच्या हाती आली. पण बँकचालक सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ९ एप्रिल १९५१ रोजी तो निवाडा समूळ रद्द झाला. कारण काय? पगार जास्त दिला हे नव्हे. सुनावणी चालू असता एका सदस्याला सरकारने भारत-पाकिस्तान सरहद्दीच्या तंट्याच्या दुसऱ्या कामावर पाठविले होते. काही महिने उरलेल्या दोघांनीच बैठका चालविल्या, आणि न्यायाधिकरणाची रीतसर फेररचना कोणी केली नाही. तिघांचे काम दोघांनी केले म्हणून सारेच बाद. व्हाउचरवर एक सही कमी असली तर पैसे देता येत नाहीत, हा नियम कारकून जन्मभर पाळत आला होता. त्याच नियमाने त्याचा पगार गेला. कायद्याच्या दृष्टीने निकाल बरोबर असेलही. पण चूक करणारा एक आणि भुर्दंड दुसऱ्याला, हे त्याच्या मनात कायमचे बसले. त्याच वर्षी दिल्लीच्या बाजूस पंजाब नॅशनल बँकेचे नोकर जागेवर बसून राहिले आणि लेखणी उचलीनात. सुमारे दीडशे जणांना कामावरून काढण्यात आले. लेखणी खाली ठेवणे हाही संपच. परंतु केवळ त्यात भाग घेतला म्हणून नोकरी घेता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाकडून यायला १९५९ साल उजाडले. आठ वर्षे! या आठ वर्षांत माणसाच्या मुली लग्नाच्या होतात.

१९५२ च्या आरंभी पंचापगेश शास्त्री यांचे न्यायाधिकरण नेमले गेले. त्यांचा निवाडा १९५३ च्या एप्रिलात आला आणि आजही बँकांत त्याचे नाव निघते. वरिष्ठ अधिकाऱ्यांखालच्या नोकरांना अजून 'अवॉर्ड स्टाफ' म्हणतात, तो शब्द या निवाड्यांच्या काळचा आहे. नव्या मुलांना विचारावे तर अवॉर्ड म्हणजे कोणता तरी पुरस्कार असे त्यांना वाटते! असो. शास्त्री निवाड्यावर दोन्ही पक्ष अपिलात गेले. कामगार अपील न्यायाधिकरणाने १९५४ च्या एप्रिलात नोकरांना थोडे अधिक दिले. आणि ऑगस्टात केंद्र सरकारने आपल्या अधिकारात तो निर्णयच बदलून काही भाग काढून घेतला. तेव्हाचे मजूरमंत्री व्ही. व्ही. गिरी यांना हे मानवले नाही. न्यायासनाने दिलेले सरकारने परत घ्यावे हे पटत नाही म्हणून त्यांनी राजीनामा दिला. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्याकडे काम होते. ते मध्येच निवर्तले आणि आपल्या सातारचे न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी ते १९५५ च्या जुलैत पुरे केले. त्यांच्या शिफारशींवरून संसदेने त्याच वर्षी कायदा केला आणि अपील न्यायाधिकरणाचा निर्णय बहुतांशी पुन्हा लागू झाला.

बहुतांशी म्हणालो, कारण एक कलम राहून गेले, आणि ते आपल्या जिल्ह्याचे आहे. सेन यांच्यापासूनच देशाचे विभाग पाडले होते. मुंबई-कलकत्त्यासारखी शहरे पहिल्या वर्गात, त्याखाली लाखावर वस्तीची शहरे, आणि उरलेला मुलूख तिसऱ्यात. १९५१ च्या खानेसुमारीत धुळ्याची वस्ती लाखाच्या आत होती. सरकारने १९५४ साली त्याखाली आणखी एक चौथी पायरी केली: तीस हजार किंवा त्याहून कमी वस्तीची गावे. ही पायरी १९५५ च्या कायद्यानेही ठेवली. म्हणजे मुंबईत जो कारकून ज्या बँकेचे जे लेजर ज्या अक्षरात लिहितो, तेच लेजर धुळ्यात लिहिले तर पगार कमी, आणि शिरपूर, शहादे, साक्री यांसारख्या गावी शाखा निघून तेथे लिहिले तर त्याहून कमी.

बँकचालकांची बाजूही सांगितली पाहिजे. लहान गावात शाखेचा धंदा थोडा, घरभाडे स्वस्त, भाजीपाला स्वस्त. यात तथ्य होते. धुळ्यात जे भाडे एका वाड्यातील दोन खोल्यांना पडे त्यात मुंबईला खाटही मिळाली नसती. पण कापड, औषध, चष्मा, सायकल यांच्या किमती गाव पाहून कमी होत नाहीत. मुलाला इंजिनियर करावयाचे तर मुंबईचा कारकून त्याला घरी जेवू घालून शिकवी. आपल्याकडच्याला वसतिगृहाचा खर्च सोसून तो पुण्याला पाठवावा लागे. स्वस्ताईचा हिशेब वांग्यांवर केला आणि वसतिगृहावर केला नाही. जुन्या सभासदांकडून मी ऐकले आहे की रक्कम किती कमी हे त्यांना तितके झोंबत नसे. खानेसुमारीच्या आकड्याने आपल्या हाताची किंमत ठरते हे झोंबे.

आता झाकलेल्या वहीकडे येतो. १९६० साली न्यायमूर्ती कांतिलाल देसाई यांचे राष्ट्रीय न्यायाधिकरण बसले. नोकरांचा मुद्दा सरळ होता: बँकांची ऐपत आहे, पगार वाढवा. बँका म्हणाल्या, ऐपत नाही, ताळेबंद पाहा. नोकर म्हणाले, ताळेबंदात सारे कोठे आहे? येथे श्रोत्यांसाठी थोडे समजावून सांगतो. बँका नफ्यातील काही भाग बुडीत कर्जांच्या नावाने गरजेपेक्षा अधिक बाजूला टाकीत आणि तो ताळेबंदात वेगळा दिसू देत नसत. याला गुप्त गंगाजळी म्हणतात. हेतू अगदीच वाईट नव्हता. एखाद्या वर्षी कर्जे बुडाली तर गुपचूप त्यातून भरून काढावे, ठेवीदार घाबरून दाराशी जमू नयेत. १९६० सालीच केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाली होती, तेव्हा भीतीला आधारही होता. त्याच साली संसदेने बँकिंग कायद्यात ३४-अ हे कलम घातले. बँकेने ही गंगाजळी गोपनीय म्हटली की न्यायाधिकरणालाही ती दाखविण्याची सक्ती करता येणार नाही. त्यातील किती रक्कम हिशेबात घ्यावी हे रिझर्व्ह बँक सांगेल आणि तिचा शब्द अखेरचा. संघटनेने याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९६१ च्या ऑगस्टात निकाल लागला, कलम कायम राहिले.

मी दहावीपुढे शाळेत गेलो नाही. हा निकाल मी वीरकरांचा शब्दकोश मांडीवर घेऊन, एका एका ओळीवर बोट ठेवीत वाचला आहे. न्यायमूर्तींचे तर्कशास्त्र मला समजले आणि काही अंशी पटलेही. ठेवीदाराचा विश्वास ही नाजूक वस्तू आहे. पण ज्या कारकुनाने ती कर्जे वहीत लिहिली, व्याज लावले, थकबाकी काढली, त्यालाच तुझ्या मालकाची ऐपत तुला सांगता येत नाही असे म्हणावयाचे, आणि त्याने ते निमूट ऐकावे अशी अपेक्षा करावयाची, हे फार झाले. देसाई निवाडा १९६२ च्या जूनमध्ये आला. त्याने काही दिले, काही दिले नाही. पण त्यावर नोकरांचा विश्वास पूर्ण बसला नाही, कारण ज्या पायावर तो उभा होता तो पाया कोणी पाहिलेला नव्हता. पुढे दोन्ही पक्ष न्यायाधिकरणांना कंटाळले आणि १९ ऑक्टोबर १९६६ रोजी समोरासमोर बसून पहिला द्विपक्षीय करार केला. त्या कराराची छापील प्रत साध्या दफ्तऱ्यालाही मिळे. कोणत्या कामाला कोणता विशेष भत्ता, हे वाचता येऊ लागले, आणि हेड कॅशिअरची जागा रिकामी झाली की तेथे कोणाला बसवावयाचे, हे मॅनेजरच्या मर्जीवर सोपविणे अवघड झाले. माझ्या मते पगारवाढीपेक्षा याने गाऱ्हाणी अधिक कमी केली.

आपल्याकडील सहकारी बँका आणि पतसंस्था मात्र या निवाड्यांच्या बाहेर राहिल्या. त्यांचा कायदा राज्याचा. खानदेशात त्यांत राबणाऱ्यांची संख्या लहान नाही. तो विषय एका स्वतंत्र व्याख्यानाचा आहे.

१९ जुलै १९६९ रोजी चौदा बँका राष्ट्राच्या झाल्या. त्या वटहुकुमावर सही कोणाची? हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांची! बँक-नोकरांसाठी मंत्रिपद सोडणाऱ्याच्याच हातून बँकांची मालकी बदलली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तेही पद सोडले. सरकार मालक झाले म्हणजे गाऱ्हाणी संपतील असे पुष्कळांना वाटले होते. तसे झाले नाही, ती बदलली. शाखा खेडोपाडी गेल्या. धडगाव, अक्कलकुव्यासारख्या सातपुड्यातील ठिकाणी, जी तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होती, बँक पोचली आणि तिच्याबरोबर बदलीचा प्रश्नही. बढती घ्यावी तर डोंगरात जावे लागे, म्हणून चांगले हुशार कारकून बढती नाकारू लागले. बाहेरचे लोक त्यांना आळशी म्हणत. घरी म्हातारी आई, मुले शाळेत, आणि किती वर्षांनी परत आणणार याचा लेखी नियम नाही. बदलीचे धोरण कागदावर असे, ते कोणासाठी वाकले हे कागदावर नसे. अधिकाऱ्यांचे गोपनीय अहवालही तसेच. बढती नाकारल्यावर माणसाला कळे की कधी काळी कोणी तरी आपल्याबद्दल काही लिहिले आहे. काय, ते कळत नसे. अहवालातील प्रत्येक शेरा नोकराला कळविला पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले.

आता स्वतःचे थोडे सांगतो. १९९० च्या सुमारास मी या शहरातील एका बँकेच्या शाखेत रोजावर कामाला लागलो. बँकेचे नाव सांगण्याचे कारण नाही. पाणी भरणे, लेजरे उचलणे, टपाल नेणे. संध्याकाळी व्हाउचरवर पैसे मिळत. पहिल्या महिन्यात सही करताना मी पाहिले की व्हाउचरवर माझे नाव नाही. दुसऱ्याच कोणाचे तरी आहे. मी हेड कॅशिअरांना विचारले. ते भले गृहस्थ होते, आपल्या अहिराणीत म्हणाले, "नाव कोनं बी ऱ्हावो, पैसा तुले भेटनात ना?" मी गप्प बसलो. पुढच्या महिन्यात आणखी निराळे नाव. वर्षात २४० दिवस भरले की कायद्याने माणसाला काही हक्क पोचतात. ते भरू नयेत म्हणून एकाच अंगाला चार नावे. ज्या काउंटरवर ग्राहकाच्या सहीतील एक वेलांटी चुकली तर चेक परत जातो, त्याच काउंटरवर मी दोन वर्षे परक्या नावाने पैसे घेतले.

हा प्रकार माझ्यापुरता नव्हता, हे फार पुढे वाचनातून कळले. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे रिझर्व्ह बँकेच्याच एका टिक्का मजुराचा दावा आला होता. असल्या मजुरांना सलग काम देऊ नये, आळीपाळीने द्यावे, अशा आशयाचे गोपनीय परिपत्रक त्यात उघडकीस आले, आणि न्यायालयाने त्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. पुन्हा झाकलेला कागद! मी कामाला लागलो तेव्हा या निकालाला पाच वर्षे होऊन गेली होती. मला तो कोणी सांगितला नाही. त्या शाखेत कायम नोकरांची संघटना होती, भिंतीवर फलक होता. त्यांच्याकडे गेलो तर उत्तर मिळाले की सभासद-नोंदणीच्या वहीत रोजंदारीवाल्यासाठी रकाना नाही. आज मी स्वतः संघटनेचे काम करतो, म्हणून हे बोलताना जीभ जड होते. पण वही मालकानेच झाकलेली असते असे नाही. पेन्शनच्या वेळी तेच झाले. १९९३ च्या करारानंतर भविष्य निर्वाह निधी की पेन्शन, यांतून एक निवडावयाचे होते. इंग्रजी परिपत्रके आली, मुदत संपली, अनेकांनी पेन्शन सोडली. आम्ही चालकांनी गावोगाव बसून गणित मराठीत मांडून दाखविले असते तर इतके लोक चुकले नसते. २०१० साली दुसरी संधी मिळाली, ती पैसे परत भरून. ज्यांना ती घेण्याआधीच मरण आले त्यांच्या घरी जाण्याचे धैर्य मला एक-दोनदाच झाले.

२०१६ च्या नोव्हेंबरात नोटा रद्द झाल्या तेव्हाच्या रांगा आपण सर्वांनी पाहिल्या, बहुतेकांनी बाहेरून. आत कॅशिअर रात्री उशिरापर्यंत जुन्या नोटांच्या थप्प्या मोजीत होते. एवढ्या गर्दीत खोटी नोट हातून सुटली किंवा मोजणी चुकली की भरपाई त्यांची. अनेकांनी ती मुकाट्याने भरली. पगारातून गेलेल्या त्या रकमांची नोंद बँकेच्या ताळेबंदात शोधून सापडणार नाही.

माझ्या व्यापारी स्नेह्यांनी रांगेचे म्हटले तेही खरे. माणसे निवृत्त झाली, जागा भरल्या नाहीत, आणि जो काउंटरवर उरला त्याला पासबुकाबरोबर विमाही विकावयाचा आहे. ग्राहक चिडतो त्याच्यावर. राजवाड्यांनी आयुष्यभर कागद जमविले आणि या गावात १९२६ साली देह ठेवला. ते कागद जपण्यासाठी दुसऱ्या वर्षी येथे संशोधन मंडळ निघाले. अशा गावात कागदाचे महत्त्व मी सांगावयास नको. म्हणून माझ्याकडे कोणी गाऱ्हाणे घेऊन आला की मी प्रथम विचारतो, कागद काय आहे?

गेल्या महिन्यात साक्री तालुक्यातील एक तरुण आला. बँक मित्र आहे. पाठीवर पिशवी, पिशवीत अंगठ्याचे यंत्र; पाड्यांवर जाऊन म्हाताऱ्यांना पेन्शनचे पैसे देतो. त्याला पगार नाही, दलाली आहे. तीही बँक देत नाही, मधली एक कंपनी देते. किती व्यवहारांना किती दर, काय कापले, हे त्याला माहीत नाही. मी म्हणालो, "कागद दाखव." त्याने मोबाइल पुढे केला. त्यावर एक संदेश होता आणि संदेशात एकच रकमेचा आकडा. खाली सही नाही, वर तपशील नाही. मी त्याचे नाव, गाव आणि तो आकडा आमच्या वहीत उतरवून घेतला, आणि त्याच्या नावाचे खाते कोणत्या वहीत आहे असे विचारणारे पत्र बँकेला व कंपनीला, दोघांनाही, रजिस्टर्ड टपालाने पाठविले. पोचपावत्या आल्या आहेत.